डुकरांची सर्दी पाहणारे साडभाऊ

साऱ्या भंडारा जिल्ह्यात डुकराच्या शिंकेला मान देणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडभाऊ म्हणून आला. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरी जनावरांच्या दवाखान्यात. डुकरांच्या फार्मांवर फिरायचं, नाकात कापसाची काडी फिरवायची आणि तो नमुना बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेला धाडायचा; फ्लूचा विषाणू कुठवर आला, कसा बदलला, ते वेळेवर कळावं म्हणून. पंगतीत कोणी खोकलं की यांचा घास हातात थांबे. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात व्याह्यांना दोन शिंका आल्या, तर यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "ताप हाये का जी? मंग चार दिवस डुकरायकडे जाऊ नका." व्याही पवनीचे कापड-व्यापारी, त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. मी रागावलो तर मलाच ऐकवलं, "माणसापासून डुकराले होते, डुकरापासून माणसाले होते. ह्यात लाजाचं काय हाये?" स्वतःला पडसं झालं की फार्मवर पाय ठेवत नसत. मेहुणीबाई म्हणत, "डुक्कर खोकललं तं यायले गावभरून आयकू येते. मी खोकलली तं नाही येत."

अड्याळकडच्या मोरेश्वरने धानाच्या जोडीला पांढऱ्या डुकरांचा फार्म काढला, पण तो काडी घालू देईना. "रोग निंगाला तं गावात तोंड कसं दाखवू, सायेब?" साडभाऊ त्याच्या अंगणात बसले आणि शब्द देऊन उठले, "तुयं नाव कोठी जाणार नाही. मी हावो ना."

पावसाळ्यात डुकरं खोकू लागली, तेव्हा मोरेश्वरने स्वतःहून फोन केला. नमुना गेला, फ्लू निघाला. आजार साधाच, आठवड्यात डुकरं पूर्वीसारखी खाऊ लागली, एकही दगावलं नाही. पण तोवर कार्यालयातल्या कुणीतरी तो अहवाल नावगावासकट मोबाईलवर पुढे सरकवला होता. गिऱ्हाईक तुटलं. चक्कीवर बायका मोरेश्वरच्या बायकोपासून सरकून उभ्या राहू लागल्या. डुकराच्या शिजवलेल्या मटणातून हा रोग होत नाही, हे सांगत साडभाऊ गावोगाव हिंडले. लोक मान डोलवत आणि दुसरीकडून मटण घेत. कार्यालयात भांडले, तर वरच्या साहेबांनी "चौकशी करू" म्हणून चहा पाजला. चौकशी त्या चहातच संपली. उन्हाळा लागायच्या आत मोरेश्वरने फार्म मोडला.

त्यानंतर साडभाऊंना कोणाचाच फोन येत नाही. फार्मवर गेले तर फाटकातूनच "सगळं ठीक हाये" असं उत्तर मिळतं. जिल्ह्यातली सगळी डुकरं आता ठणठणीत आहेत. कागदावर.

मागच्या महिन्यात मला सोबत घेऊन ते मोरेश्वरकडे गेले. डुकरांच्या शेडमध्ये आता धानाची तणीस, म्हणजे पेंढा, रचलेली होती. उभ्याउभ्याच म्हणाले, "मी शब्द देलो होतो. पाळता नाही आला."

"तुमी नाही सांगतलं, मले मालूम हाये," मोरेश्वर म्हणाला. "पण मी फोनच केलो नसतो तं, सायेब?"

साडभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मोरेश्वरच्या बायकोनं चहा आणला, तो सगळ्यांनी उभ्यानंच प्याला. निघताना मोरेश्वरने घरच्या लाखोरीच्या डाळीची पिशवी पुढे केली. "घरी बाईसाठी न्या," एवढंच म्हणाला.

एसटीत बसायला जागा होती. साडभाऊंनी ती पिशवी दोन्ही हातांनी मांडीवर धरली आणि भंडारा येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले.