आलो, आले

आमचं धाकटं लेकरू कॉमिक काढतं. जन्म हैदराबादचा, शाळा इंग्रजी. मराठी अजूनही बोट ठेवून वाचतं. तरी या वेळची गोष्ट त्यानं हट्टानं मराठीत लिहिली. रविवारी बरकतपुऱ्यातल्या एका सभागृहात अशा हातानं केलेल्या कॉमिकांचं प्रदर्शन होतं. "पप्पा, ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघा अन् झेरॉक्सला द्या," म्हणून पानं माझ्या हातात ठेवली आणि कॉलेजला गेलं.

गोष्टीतलं पात्र पाण्याचा टँकर चालवतं. मिशी आहे, केसांत मोगराही आहे. एका पानावर ते ओरडतं, "थांबा, आलो!" पुढच्या पानावर, "आले हो, आले!"

माझी नोकरी हिशेब तपासण्याची. एका पानावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं दिसलं की चूक, एवढंच मला कळतं. मिशी बघितली, व्हाइटनर घेतलं आणि सगळीकडे 'आलो' करून टाकलं. 'दमले'चं 'दमलो', 'विसरले'चं 'विसरलो'. मोगरा गंमत म्हणून असेल, असं समजून सोडला. चिक्कडपल्लीत पन्नास प्रती काढून आणल्या. काम चोख झालं म्हणून खूश होतो.

संध्याकाळी त्यानं उभ्या उभ्याच एक प्रत चाळली.

"पप्पा, हे चुकलं नव्हतं."

"अगं, एकच माणूस आलोही म्हणतो आणि आलेही?"

"हौ. म्हणतं. तीच तर गोष्ट आहे."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "ऑडिटला दुसरं घर मिळालं नाही का तुम्हाला?"

"पण व्याकरण..." मी सुरुवात केली.

"नक्को, पप्पा. मला बाहेर जायचंय."

ते वाक्य मला तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकू आलं. कितीतरी महिने हे लेकरू घरात 'जेवले' म्हणालेलं नव्हतं, 'जेवलो'ही नाही. 'माझं जेवण झालं.' 'मला निघायचंय.' 'येणं जमणार नाही.' याचं मराठी बिघडलंय, असं मी पाहुण्यांसमोर हसून सांगितलं होतं. वाक्यं वळवून वळवून ते आमच्यात राहत होतं आणि जिथे मोकळं बोललं, तिथे मी व्हाइटनर फासलं होतं.

सकाळी ते प्रती पसरून पेननं दुरुस्त करत बसलं होतं. मी समोर बसलो.

"मी लिहू का?"

"तुम्हाला कसं कळणार कुठे काय?"

"तू सांग."

त्यानं हातातली प्रत पुरी केली. मग थोड्या प्रती माझ्याकडे सरकवल्या. "तिसरं पान. आले."

मी खोडून लिहिलं. पाचव्यावर 'विसरले'. सातव्यावरचं 'आलो' त्याचंच होतं, ते राहिलं. शेवटच्या पानावर पात्र टँकरच्या टपावर एकटं बसलेलं आहे. तिथे मुळात काय होतं, मला आठवेना. त्यालाही आठवेना. त्यानं मूळ पान खिडकीशी उजेडात धरलं. व्हाइटनरचा थर जाड होता. मी दोनदा लावला होता, खालचं दिसू नये म्हणून.

"काय लिहू?" असं मी विचारलं नाही. माझं पेन त्याच्यापुढे ठेवलं आणि खाली बघत बसलो.