मावशी, आली

आमच्या गल्लीतल्या मुलींना अंधार पडल्यावर घरी येताना दोन शब्द बोलावेच लागत. "मावशी, आली." न बोलता कोणी पुढे गेलीच तर मागून आवाज येई, "कोन व थे? तोंड नाही का?" मग ती मुलगी सायकल वळवून परत जाई, चेहरा दाखवी आणि मगच घराकडे निघे.

या मावशी म्हणजे इंदूबाई. अमरावतीच्या अगदी टोकाला आमची वस्ती. ऑटोवाले मोठ्या रस्त्यावरच सोडतात. तिथून आत येताना रिकामे प्लॉट, बाभळीची झुडपं, विजेची डीपी आणि बहुधा बंदच असलेला खांबावरचा दिवा. समोर पानठेला. मुलींचे क्लास सुटतात ते नेमके दिवेलागणीनंतर.

इंदूबाई जन्मभर अंगणवाडीत मदतनीस होत्या. सकाळी घरोघरी जाऊन लेकरं गोळा करायची, त्यांना खिचडी खाऊ घालायची आणि परत एकेकाला त्याच्या दारात सोडून यायचं. त्यांचे यजमान देवमनराव एसटीत होते, ते आधीच वारले. मुलगा धम्मदीप नोकरीनिमित्त अकोल्याला. त्या निवृत्त झाल्या तेव्हा मी विचारलं, "आता आराम का, इंदूबाई?" तर म्हणाल्या, "कायचा आराम. सांज झाली का पाय वळवळते. कोनाचं तरी लेकरू घरी पोचवाचं राह्यलं असं वाटते."

त्याच दिवसांत समोरची नीलम एकदा रडत घरी आली. पानठेल्यापासून दोघं जण गाडीवर तिच्या मागे मागे आले होते. आम्ही बायका ओट्याशी जमलो. पोलिसांत जावं का, क्लास बंद करावा का, नीलमच्या बाबांना सांगावं की नाही, असं बराच वेळ चाललं. इंदूबाई ऐकून घरात गेल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डीपीपासून जरा अलीकडे त्यांची लाल प्लास्टिकची खुर्ची दिसली. खुर्चीत त्या, मांडीवर सूप, सुपात मेथीची जुडी.

पानठेल्यावरच्या टोळक्याला त्या कधी रागावल्या नाहीत. उलट हाक मारून जवळ बोलवायच्या. "काहून बापू, रिकामा हायेस का? ये, एवढी मेथी निवडू लाग." एक-दोघांनी खरंच निवडली. "तुह्या मायले कवा निवडून देतं का?" असं विचारल्यावर तेही लाजले. महिनाभरात त्या कोपऱ्यावर उभं राहणं पोरांना नकोसं झालं. मेथी निवडायला लागते म्हणून.

माझी आकांक्षा तेव्हा नववीत होती. दोन वेण्या घालून सायकलवर क्लासला जायची. माझा स्वभाव काळजीचा. क्लास सुटायची वेळ झाली की मी फोन लावायला सुरुवात करी. एकदा फोन कानाला लावूनच कोपऱ्यापर्यंत गेले, तर इंदूबाई म्हणाल्या, "रागिणीबाई, पोरगी सायकल चालवन का तुमचा फोन उचलन? मी बसली हाये ना इथं. जा, पोळ्या टाका." मी घरी आले आणि पोळ्या टाकल्या. त्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या खिडकीतून "मावशी, आली" ऐकू आलं की मी तवा चढवायची. गरम पोळी आणि आकांक्षा एकाच वेळी ताटावर.

एखादी मुलगी न सांगता गावाला गेली तर मात्र खैर नसे. आकांक्षा एकदा तिच्या बाबांबरोबर परस्पर नांदगाव खंडेश्वरला आजीकडे गेली. मी तर घरी होते, पण इंदूबाईंना सांगायचं राहिलं. त्या बसूनच राहिल्या. शेवटी दारात येऊन म्हणाल्या, "गावाले गेली? मंग मले कोन सांगन? तुमची एकटीचीच हाये का थे?"

अशी वर्षं गेली. नीलम नर्स झाली, लग्न होऊन नागपूरला गेली. आकांक्षा फार्मसीच्या कॉलेजात गेली, सायकल जाऊन स्कूटी आली, वेण्या जाऊन केस खांद्यापर्यंत आले. खुर्चीचा एक हात तुटला, तो सुतळीने बांधला गेला.

गेल्या महिला दिनाला वस्तीने त्यांचा सत्कार करायचं ठरवलं. आमच्या वस्तीचे अध्यक्ष खुशालराव, तहसीलमधून निवृत्त झालेले. आजवर त्यांनी बदली झालेल्या साहेबांचे सत्कार केले, निवडून आलेल्यांचे केले. "यंदा आपल्यातल्याच मानसाचा करू," असं ते स्वतःहून म्हणाले, म्हणून सगळ्यांनाच आनंद झाला. मंदिरासमोरच्या मैदानात मंडप टाकला. शाल आणली, श्रीफळ आणलं, लाकडी पाटीवर नाव कोरून घेतलं. मुली नटूनथटून पुढच्या सतरंजीवर बसल्या. त्या दिवशी क्लासला कोणीच गेलं नाही.

प्रमुख पाहुणे आपल्या रीतीप्रमाणे उशिरा आले. प्रास्ताविक झालं, स्वागतगीत झालं, पाहुण्यांनी स्वतःच्या आईची आठवण सांगायला सुरुवात केली. इंदूबाई पांढरी साडी नेसून मधल्या खुर्चीत बसल्या होत्या. दिवे लागले तशी त्यांची चुळबुळ सुरू झाली. त्यांनी दोनदा रस्त्याकडे पाहिलं आणि पाहुणे बोलत असतानाच उठून मंचाच्या पायऱ्या उतरू लागल्या.

"मावशी, कुठं चालल्या? शाल राह्यली," खुशालराव माइकवरूनच म्हणाले.

"पोरी घरी याच्या हाये अजून," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

मंडपात हशा पिकला, टाळ्या पडल्या. खुशालराव म्हणाले, "पाहा मंडळी, याले म्हनते ड्युटी." पाहुण्यांनीही मान डोलावली. आम्हा सगळ्यांना तो त्यांचा मोठेपणाच वाटला.

मी मुलींना घेऊन कोपऱ्यावर गेले. इंदूबाई खुर्चीत बसल्या होत्या. सुपाविना, हात मांडीवर ठेवून. मुली हसत हसत एकेक पुढे झाल्या. "मावशी, आली." "मावशी, मी पन आली." त्यांनी एकेकीला निरखून पाहिलं, मान हलवली. सगळ्या झाल्या तरी त्या उठल्या नाहीत.

"चला मावशी, आल्या सगळ्या," मी म्हटलं.

"नीलम कुठं आली?"

मला वाटलं, गंमत करताहेत. म्हटलं, "नीलम नागपूरला आहे ना. तिच्या मुलीच्या बारशाला आपण दोघी गेलो होतो."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना काहीतरी खोटं सांगून उठवायला आले आहे. "दोघं जन मांग लागले तिच्या," त्या हळूच म्हणाल्या. "तुमी जा. मी हाये."

मुलींचं हसणं थांबलं. मैदानावरून पाहुण्यांचं भाषण तसंच ऐकू येत होतं.

त्यानंतर सगळं भराभर झालं. धम्मदीप आला, डॉक्टरांना दाखवलं, तपासण्या झाल्या. विसरण्याचा आजार आहे, वाढतच जाणार, असं सांगितलं. आईला एकटं ठेवणं शक्यच नव्हतं. तो त्यांना अकोल्याला घेऊन गेला. जाताना गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली करायला लावली आणि मला म्हणाल्या, "सांजच्याले येतो मी."

खुर्ची तिथेच राहिली. मी काही दिवस संध्याकाळी जाऊन बसले. मुली "नमस्ते काकू" म्हणून पुढे जात. ते दोन शब्द मला कोणी म्हटले नाहीत.

दिवाळीनंतर धम्मदीपचा फोन आला. तो बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिला. मग म्हणाला, "काकू, एक विचारायचं होतं. आकांक्षाला एखाद दिवस आणता येईल का? आई संध्याकाळी फाटकाशी जाऊन बसते. आत येत नाही, जेवत नाही. रोज एकच, आकांक्षा आली नाही म्हणते. जबरदस्तीनं उचलून आणावं लागतं. शेजारी पाहतात, ती ओरडते, हात चावते. माझी आई आहे हो ती."

पुढच्याच रविवारी आम्ही निघालो. खुशालरावांनी कपाटात ठेवलेली शाल आणून माझ्याकडे दिली. "राह्यलीच होती," एवढंच म्हणाले. बस मूर्तिजापूरला थांबली तेव्हा आकांक्षा म्हणाली, "आई, मला पाहिलं की होईल त्यांचं ठीक." मलाही तसंच वाटत होतं.

अकोल्याला धम्मदीपचं घर एका आतल्या रस्त्यावर आहे. फाटकाशी प्लास्टिकची नवी खुर्ची होती. इंदूबाई खूप वाळल्या होत्या. आकांक्षा धावत गेली, त्यांच्या पायाशी बसली. "मावशी, आली. मी आकांक्षा."

त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला. "असशीन बाई. पन आमची आकांक्षा एवढीशी हाये. दोन वेन्या घालते. सायकलवर येते." मग तिला जरा बाजूला सरकवलं, कारण रस्ता दिसत नव्हता.

आकांक्षा तशीच बसून राहिली. धम्मदीप आत निघून गेला. त्याची बायको प्रियदर्शनी दारात उभी होती. सासूच्या नखांचे ओरखडे तिच्या मनगटावर दिसत होते.

थोड्या वेळाने आकांक्षा उठून माझ्याकडे आली. म्हणाली, "आई, वेण्या घालून दे."

आतल्या खोलीत ती माझ्यापुढे खाली बसली. प्रियदर्शनीने तेल आणि रिबिनी आणून दिल्या, तिच्या लहानपणच्या, ट्रंकेतल्या. केस आखूड, वेणी धड होईना. "घट्ट घाल," आकांक्षा म्हणाली, "तू नेहमी घालायचीस तशी." शेजारच्या घरातून सायकल मागून आणली. आकांक्षा मागच्या बाजूने गेली आणि रस्त्याच्या टोकाकडून घंटी वाजवत आली.

"मावशी, आली."

इंदूबाईंचा चेहरा सैल झाला. "आली का? किती उशीर व. जाय सरळ घरी. तुही आई नुसती फोन लावत राह्यते." मी त्यांच्या मागेच उभी होते.

मग त्या स्वतःहून उठल्या, आत आल्या, ताटावर बसल्या. भाकरी कुस्करून वरणाबरोबर पोटभर खाल्ली. मी त्यांच्या खांद्यावर शाल घातली. त्यांनी ती बोटांनी चाचपली आणि विचारलं, "कोनाची हाये?"

"तुमची, मावशी. तुमच्या सत्काराची."

"माह्या?" त्या हसल्या. "म्या काय केलं?"

आकांक्षाला त्यांचा निरोप घेता आला नाही. त्यांच्या लेखी ती घरी पोचली होती. आम्ही मागच्या दाराने निघालो. बसमध्ये तिने वेण्या सोडल्या नाहीत.

दुसऱ्या संध्याकाळी मी फोन केला. धम्मदीप म्हणाला, "पुन्हा बसली आहे." रोज कोण अकोल्याला जाणार होतं?

आज बऱ्याच दिवसांनी पुन्हा फोन केला, तर प्रियदर्शनीने उचलला. मी विचारलं, जेवल्या का?

"जेवल्या, काकू. आता रोजच जेवते." ती सांगू लागली. "मी वेन्या घालतो सांजच्याले. शेजारच्याईची सायकल घेतो. चौकातून वापस येतो अन् म्हनतो, मावशी, आली. मंग थे उठते."

मी विचारलं, "तुला ओळखतात ना पण? एरवी?"

"सून म्हनून नाही वळखत आता," ती म्हणाली. "दिवसभर मले पाहून विचारते, तू कोनाची व? पन सांजच्याले वळखते. जवळ घेते. म्हनते, जाय बाई घरी, तुही आई वाट पाहून राह्यली." पलीकडून भांड्यांचा आवाज आला. "मंग मी मांगच्या दारानं घरात येतो, काकू, अन् त्याईले वाढतो."