घाटभर एकच आवाज

एसेनकुलचा आवाज फोनवर कधी एका जागी राहत नसे. घाट चढायला लागला की तो ओरडू लागे आणि पलीकडे सुसामीरच्या माळावर उतरला की पुटपुटे. बिश्केक ते तोक्तोगुल अशी त्याची भाड्याची गाडी. त्याआधी वर्षानुवर्षं त्याने दुधाचा टँकर चालवला होता. त्या घरघरीत आपण किती मोठ्यानं बोलतो याचा अंदाजच त्याला उरला नव्हता. मुलानं फोन गाडीला जोडून दिल्यापासून तर पलीकडचं बोलणं गाडीभर ऐकू येई आणि याचं दरीभर. बायको बुबुश म्हणे, "घाटात असता तेव्हा मी फोन हातभर लांब धरते. माळावर आलात की जिवंत आहात का तेच कळत नाही."

त्या दिवशी सकाळी बिश्केकच्या थांब्यावर तो गाडी भरायची वाट बघत होता, तेव्हा गावातल्या कालमातचा फोन आला. त्याचा धाकटा भाऊ पहाटे गेला होता. भावाची मुलगी जिपार बिश्केकमध्ये शिवणकारखान्यात होती. तिला फक्त वडील आजारी आहेत एवढंच कळवलं होतं. तिला घेऊन ये, पण तिच्या घरी नको, आधी माझ्याकडे आण, असं कालमातनं बजावलं.

एसेनकुलला त्याहून जास्त सांगावं लागलं नाही. मरणाची बातमी वाटेत, परक्याच्या तोंडून द्यायची नसते. वडीलधारी माणसं शेजारी बसतात, इकडचं तिकडचं बोलतात, मग त्यांच्यातला एक जण सांगतो, आणि सांगितल्याबरोबर धरायला हात असतात. गाडीत कोण धरणार?

जिपार आली आणि मागच्या सीटवर बसली. आज भाडंच मिळत नाही असं काहीतरी म्हणून तो तिला एकटीलाच घेऊन निघाला.

घाट लागायच्या आधीच फोन वाजायला लागला. पहिला फोन गावातल्या मास्तरांचा. कुठवर आलास, आणि तिला, एवढंच ते बोलले तोवर एसेनकुल मध्ये पडला. रस्ता चांगला आहे, गाडीत माणसं आहेत, पोचतोच. गाडीत माणसं आहेत म्हटल्यावर मास्तर समजले. पण गावात नातेवाईक काय थोडे होते? एकानं ठेवला की दुसरा करी. फोन गाडीपासून तोडायचा कसा ते मुलालाच ठाऊक. बंदच करून टाकावा, तर गाडी दरीत गेली असं धरून सगळा गाव रस्त्यावर आला असता.

तेव्हा त्याच्या हातात एकच गोष्ट उरली, स्वतःचा आवाज. हळू बोललो तर ती कान देणार. चढवला तर दचकणार. म्हणून जेवताना शेजारच्याला पाव पुढे कर म्हणावं, तेवढ्याच आवाजात तो प्रत्येकाशी बोलत राहिला. काच उघडली की वाऱ्यावर आवाज चढवावा लागेल, म्हणून काचा बंद. उन्हानं गाडी तापली, पाठ सीटला चिकटली, पण त्यानं काच खाली केली नाही. चढावर इंजिन ओरडत होतं आणि त्याच्या घशातून जुनी सवय वर येऊ बघत होती. तो ती गिळत होता.

आई फोन उचलत नाही, असं जिपार एकदा म्हणाली. कामात असेल, तो म्हणाला.

सुसामीरला रस्त्याकडेच्या यूर्तच्या गोल तंबूपाशी त्यानं घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा कुमिस घेतला. तिनं वाटी नुसती हातात धरली आणि तशीच परत केली.

आलाबेलची खिंड ओलांडली आणि बुबुशचा फोन आला. बातमी तिच्या कानावर आली होती, पण गाडीत कोण बसलंय ते नव्हतं.

"ऐकलंत का हो," ती म्हणाली.

"ऐकलं. खाली उतरतोय. चहा टाकून ठेव," तो म्हणाला आणि फोन बंद केला.

मागून जिपार म्हणाली, "आके, तुम्ही फोनवर असं कधी बोलत नाही. घाटात तुम्ही ओरडता. आम्ही मुली तुमची नक्कल करून हसतो. आज सकाळपासून तुमचा आवाज जरासुद्धा हलला नाही."

त्यानं वळणावर गाडीचा वेग कमी केला.

"बाबा गेले ना?"

हो म्हणायचा अधिकार त्याचा नव्हता आणि नाही म्हणायला जीभ वळेना. "तुझे काका वाट बघतायत," तो म्हणाला. तेही त्याच आवाजात. दुसरा आवाज आता त्याला सापडतच नव्हता.

तिनं रुमाल तोंडावर घेतला. तिचे खांदे तेवढे हलत होते. चिचकानच्या नदीकाठाला गाडी लागली तेव्हा तिनं बाटलीतल्या पाण्यानं डोळे धुतले आणि म्हणाली, "मला कळलंय हे काकांना सांगू नका. त्यांनाच मला सांगू द्या. नाहीतर त्यांना जन्मभर लागेल, भावाच्या मुलीला गाडीत कळलं म्हणून."

तेवढ्यात कालमातचाच फोन आला. एसेनकुलनं आरशात पाहिलं. तिनं मान हलवली, घ्या.

दिवसभराच्या थकव्यानं म्हातारा, ती ऐकत असेल हेच विसरला होता. "तिला काही कळलंय का रे?" त्यानं सरळ विचारलं. गाडीभर ते शब्द घुमले.

"नाही," एसेनकुल म्हणाला. "झोपलीय मागं."

मागं ती मूठ तोंडावर दाबून बसली होती.

कालमातच्या घरात म्हातारी माणसं ओळीनं बसली होती. दारातून आत जाताना जिपारनं विचारलं, बाबांची तब्येत कशी आहे. कुणीतरी तिला जवळ बसवून घेतलं, चहा दिला, दार लोटलं. एसेनकुल बाहेर गाडीपाशी थांबला. थोड्या वेळानं आतून तिचा हंबरडा ऐकू आला. सकाळपासून कोंडलेला होता तो.

मग कालमात पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आला. त्याचे डोळे लाल होते. पाहुण्याच्या हातावर पाणी घालायचं काम घरातल्या धाकट्यांचं, पण तो स्वतःच्या हातानं एसेनकुलच्या हातांवर पाणी घालू लागला.

"वाटेत तिला काही कळू दिलं नाहीस," तो म्हणाला. "परका असून आमच्यासाठी एवढं केलंस."

तांब्या रिकामा होईपर्यंत एसेनकुल ओंजळ पुढे करून उभा राहिला.