पहिल्या पंगतीचा उमेदवार

पासलीच्या जत्रेत कुंडलिक नाना चाळीस वर्षं आमटी वाढत आले. डाव्या हातात बादली, उजव्या हातात ओगराळं आणि चेहरा असा गंभीर, की आमटी नव्हे, कोर्टाचं समन्स वाटत निघालेत. त्यांचा नियम एकच. पंगतीच्या टोकापासून सुरुवात करायची, ओळीनं जायचं, एकही पान वगळायचं नाही. "वगाळलेला माणूस धा वर्सं ध्यानात ठेवतो," असं ते नव्या वाढप्यांना बजावत. गावात ज्यानं ज्यानं म्हणून बादली धरली, तो नानांच्याच तालमीत तयार झालेला.

आता वाढप्यांचं जेवण सगळ्यात शेवटी. तोवर आमटी गार, भाताची खरवड, आणि लापशी उरलीच तर पातेल्याच्या कडेला चिकटलेली. साठी उलटल्यावर नानांच्या मनानं घेतलं, की एकदा तरी पहिल्या पंगतीला बसायचं आणि वाफाळत्या भातावर वाफाळती आमटी ओरपायची. पण पहिल्या पंगतीचा मान पाहुण्यांचा आणि भंडारा कमिटीच्या अध्यक्षाचा. स्वतःच्याच गावात पाहुणा काही होता येत नाही, म्हणून नाना अध्यक्षपदाला उभे राहिले.

त्यांच्यासमोर मानसिंग, गोरख आणि धनाजी. मागल्या वर्षी हात वर करून मतदान झालं होतं, तेव्हा भिडेखातर निम्म्या लोकांनी दोनदा हात वर केले. दोन अध्यक्ष झाले. गूळ एका गटाच्या ताब्यात, भरडलेला गहू दुसऱ्याच्या. लापशी कुणाचीच झाली नाही.

म्हणून यंदा गोरखची सून शेफाली पुढं आली. वेल्ह्याला पदवीधरांच्या निवडणुकीत मत देऊन आलेली ही घरातली एकटीच. ती म्हणाली, "तिथं शिक्का नसतो. नावापुढं आकडा घालायचा. सगळ्यांत पसंत त्याला एक, त्याच्या खालोखाल दोन, मग तीन, चार. ज्याला एक नंबर सगळ्यांत कमी, तो बाद. मग त्याच्या कागदांवरचा पुढचा नंबर बघायचा." गावाला हे फारच पटलं. कुणालाच नाही म्हणायला लागत नव्हतं, ही केवढी सोय!

नावांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरला. मानसिंग सगळ्यात वर, मग गोरख, मग धनाजी. नाना तळाला. शेफालीनं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "नाना, वरच्या नावाचा फायदा होतो. लोक वरपासून आकडे टाकत सुटतात."

"लोकं काय येडी हायेत व्हय?" नाना म्हणाले.

मग ते घरोघर फिरले. सगळीकडं एकच उत्तर. "नाना, तुमाला न्हाई तर कुणाला?" अकरा चहा पोटात घालून ते घरी आले ते अध्यक्ष होऊनच. भंडाऱ्याच्या चुलीवर भात शिजवणाऱ्या बायकांत त्यांची बायको कमळाबाई असायची, तेव्हा मत तिलाही होतंच. ती म्हणाली, "मला न्हाई इचारलं मत?"

"तुला काय इचारायचं? तू घरचीच."

भंडाऱ्याला ज्याचा हात लागतो त्याला मत, अशी सत्तावन्न मतं निघाली. देवळाच्या पडवीत चादर बांधली होती. नाना तिच्यामागं गेले, पेन्सिल उचलली आणि समोर बघतात तर काय, चार नावं ओळीनं बसलेली. हात आपोआप टोकाकडं गेला. मानसिंग एक. गोरख दोन. धनाजी तीन. उरलेल्याला चार. कागद डब्यात टाकून नाना बाहेर आले, हात झटकले आणि जागीच थबकले.

"शेफाली, कागुद परत दे!"

"परत नाही मिळत, नाना."

"आगं, पर म्या मला वाढलंच न्हाई!"

दुपारी मोजणी झाली. एक नंबरची मतं मानसिंगला चोवीस, धनाजीला सतरा, गोरखला सोळा. नानांना शून्य. नाना पहिल्याच फेरीत बाद!

मानसिंगच्या चोवीसच्या चोवीस कागदांवर वरपासून एक, दोन, तीन, चार. एक कागद खुद्द नानांचा, बाकीचे सगळे वाढपी, सगळे नानांचे चेले, आणि गुरूची शिकवण कुणी मोडली नव्हती. राहिलेले तेहतीस लोक भावकीला एक नंबर देऊन मोकळे झाले होते, पण दोन नंबर? सगळ्यांनी न चुकता नानांनाच दिला होता. जो तो नानांचा हात धरून सांगायला लागला, "म्या दिलाय दोन, बघा!" गोरख बाद झाल्यावर त्याच्या कागदांवरचा दोन नंबर बाद झालेल्या नानांचा, म्हणून तीन नंबर बघितले, आणि एका मतानं मानसिंग अध्यक्ष झाला. इतकं प्रेम इतकं फुकट गेलेलं पासलीनं कधी पाहिलं नव्हतं.

एवढ्यात भंडाऱ्याच्या चुलीवरच्या साळूबाईला नसती शंका आली. "शून्य म्हंजी घरचं बी मत न्हाई?"

सगळ्यांच्या माना कमळाबाईकडं वळल्या. "म्या गोरखला एक दिला," ती शांतपणे म्हणाली. "ह्यांना दोन."

नानांना हे लागलं. अगदी आत लागलं. "कमळे, तू बी?"

"मग काय करू? घरी तुमी आधी जेवता, मी मागनं. लगीन झाल्यापासनं त्येच. वर्सातनं एक दिस, जत्रेला, वाढपी अन् सैपाकवाल्या बाया शेवटाला एका वळीत बसतात. तेवढंच आपुन दोघं शेजारी जेवतो. तुमी पयल्या पंगतीला गेला असता, मग मी कुणाशेजारी बसायचं?"

चाळीस वर्षं त्या शेवटच्या पंगतीत नानांनी फक्त आमटीकडं बघितलं होतं. शेजारी कोण आहे, हे त्यांनी कधी मोजलंच नव्हतं. त्यांना भयंकर लाज वाटली. मानसिंग नवा अध्यक्ष, मनानं मोठा झालेला. म्हणाला, "नाना, यंदा माझ्या शेजारी बसा, पयल्या पंगतीला."

"न्हाई जमायचं, अध्यक्ष," नाना म्हणाले, आणि बायकोबरोबर घरी निघाले.

घरी कमळाबाईनं त्यांचं ताट वाढलं आणि ती पुन्हा चुलीपुढं बसली. नाना ताटाला शिवले नाहीत.

"जेवा की."

"तुझं बी ताट घे."

"मला अजून भाकरी थापायच्यात."

"किती?"

"पाच."

"थाप," म्हणाले नाना, आणि ताट पुढ्यात घेऊन पाचवी भाकरी तव्यावरनं उतरेपर्यंत बसून राहिले.