वाळलेली काच

सुमनबाई सिहोऱ्याची नर्सबाई. घरात बुद्धाची तसबीर, जिभेला धार. पण कुणाची बाळंतपणात अडचण झाली की चिखल तुडवत पोचायचीच.

एकोणऐंशी साली नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी गावात गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीचं शिबिर लावलं. हिवतापाच्या रक्ताची काच हवेत वाळवतात, सुमनच्या हाताला तीच सवय. बाईंनी तिला मायक्रोस्कोपखाली दोन्ही तऱ्हा दाखवल्या. पिशवीच्या तोंडाचा स्राव पुसून घेतलेली ही काच ओली असतानाच स्पिरिटात बुडाली तर पेशी स्पष्ट दिसतात. वाळली की सगळा गिचमिड काला.

सुमननं घरोघरी फिरून बाया गोळा केल्या. सगळ्यात जास्त मिनतवाऱ्या धुरपताकाकीच्या. पाळी जाऊन वर्षं लोटली तरी काकीच्या अंगावरून लाल जात होतं, सुमनला त्याचीच धास्ती. शेवटी काकी आली. तपासूनही घेतलं. पण सुमन काच स्पिरिटच्या बरणीत सोडताना काकीनं तिचा हात धरला.

"याच्यात कोणाकोणाच्या काचा आहेत वं?"

"गावातल्याच बायांच्या."

"तुमच्या मोहल्ल्यातल्या बी?"

"हो."

"मंग माही नको बुडवू. येगळी ठेव."

झालं! एवढं जीव तोडून आणलं, आणि वर हे! सुमनच्या अंगाची लाही लाही झाली. दुसरी बरणी नव्हती. वाळली तर काही दिसणार नाही, एवढंच तिनं सांगायचं होतं. ती बोलली नाही. काच खिडकीत ठेवून दिली. राहा म्हणावं वेगळी!

नागपूरहून निरोप आला, काच वाळली, पुन्हा घ्या. तोवर सुमनचा राग निवला होता. तिनं हात जोडले, भांडली, रडलीसुद्धा. "एकडाव लाज सोडली, आता नाही," म्हणत काकी धानाच्या रोवण्याला निघून गेली.

पुढच्या साली काकी खाटेवरून उठेना. नागपूरला नेली तर डॉक्टर म्हणाले, फार उशीर केला. घरी दुसरं बाईमाणूस नव्हतं, म्हणून सुमनच रजा टाकून सोबत राहिली. काकीचं अंग पुसायची, वेणी घालायची.

एका दुपारी काकीनं विचारलं, "काच येगळी ठेवली म्हणून हे झालं काय वं?"

सुमनला खोटं बोलवेना. "वाळली ना काकी, काही दिसलंच नाही. नाही तर तवाच कळलं असतं."

"वाळली त दिसत नाही, हे तुले मालूम होतं?"

"होतं."

"मंग काहून नाही सांगितलं मले? एरवी त किती भांडते."

"राग आलता मले, काकी."

काकी म्हणाली, "कोणालेबी आला असता, बाई."

त्याच आठवड्यात ती गेली. तिनं शिव्या घातल्या असत्या तर सुमनला परवडलं असतं.