लोहाऱ्याचे दोन भाषांतले उखाणे आणि माझा नामंजूर विषय

मंगळवार, ७ जानेवारी, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. माझ्या एम.ए.च्या प्रबंधाच्या विषयावर आमच्या विभागप्रमुखांनी लाल रेघ ओढली. विषय होता : लोहारा भागातले मराठी-कानडी उखाणे. म्हणाले, "आजी, तिकडं सगळे मराठीच बोलतात. आणि तुम्हांला आता कुठं करिअर करायचंय? तुळजापूरला जाऊन या."

बँकेतून निवृत्त झाले, बुद्धीतून नाही. मला पुढं पीएच.डी. करायची आहे. शिवाय कानडी मी सोलापूरच्या कॉन्व्हेंटात, सिस्टरांची नजर चुकवून, मैत्रिणींकडून शिकले आहे.

संक्रांत होताच गेले की तुळजापूरला! सोलापूरहून एसटीनं तासाभराचा रस्ता, बायकांना अर्धं तिकीट. मंगळवार-शुक्रवार टाळा, रांग आटोक्यात मिळते. दर्शन झालं आणि नळदुर्गमार्गे शेअर जीपनं थेट लोहारा. मांडीवर कुणाची तरी कोथिंबिरीची पेंडी.

मैत्रिणीच्या नणंदेकडे, गंगाबाईंकडे, हळदीकुंकू होतं. दारातच "बर्री, कूड्री!" झालं. म्हणजे कानडीत या, बसा. मनात म्हटलं, बोला आता, विभागप्रमुख साहेब!

मोबाइल रेकॉर्डिंगला लावला आणि विभागाच्या कार्यशाळेत घोटून घेतलेला पहिला प्रश्न टाकला : पूर्ण नाव, पतीचं नाव? सगळ्यांचे पदर तोंडाला.

"असं कुठं नाव घेत्यात व्हय?" गंगाबाई म्हणाल्या. "पोलीस ठेसन हाय का हे? आधी तुमी घ्या!"

घेतलं.

"लोहाऱ्याच्या जीपमध्ये माणसं कोंबली बारा,
माधवरावांचं नाव घेते, आता तुम्ही सुरू करा!"

हशा पिकला आणि बांधच फुटला. शरणम्मा नावाच्या म्हातारीनं पहिली ओळ कानडीत घेतली, नवऱ्याचं नाव मराठीत, आणि यमक अचूक! मी तर टाळ्याच वाजवल्या.

"मावशी, दोन्ही भाषा का हो?"

"माहेर कर्नाटकात, आळंदच्या अंगाला, सासर हितं. एकीला टाकू का काय?"

मग गरम भाकरी, शेंगांची चटणी, दही. पैसे काढलेत तर बोलणी खाल.

घरी येऊन तीन रात्री जागून रेकॉर्डिंग कागदावर उतरवलं. मुलाखत घ्यायला जाणाऱ्या पोरींनो, छापील प्रश्न पिशवीत ठेवा. आधी आपलं काही सांगा, मग दुसरीला विचारा. हे मला लोहाऱ्यात कळलं, आणि मी हरखून गेले आहे.

विभागप्रमुख महोदय, उताऱ्यासह अर्ज पुन्हा दिला आहे. विषय मंजूर करा, नाहीतर नामंजुरीची कारणं सहीनिशी द्या. शुक्रवार, ३१ जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत. लेखी.