पोचल्याचा फोन येईपर्यंत

मी एसटीत कंट्रोलर होतो. कुठली गाडी किती किलोमीटर, किती वेळात, हे सगळं बोटांवर असायचं; देवाचा हिशेब मात्र कधी लागला नाही. चार एकर कोरडवाहूनं सलग तीन वर्षं दगा दिला, तेव्हापासून देव्हाऱ्यातल्या महाराजांच्या तसबिरीपुढे हात जोडणं मी सोडलंच होतं. घराची सारी आस आमच्या एकुलत्या सुनंदावर. पोर नर्सिंग शिकली आणि तिला लंडनला नोकरी लागली.

ती अकोल्याहून निघाली आणि बायकोनं झाडू दाराआड ठेवून दिला. आमच्याकडे माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत घर झाडत नाहीत. दर्यापूरच्या जीपसाठी हे ठीक आहे, तास-दोन तासांचा प्रश्न. इथे मुंबईच पाचशे ऐंशी किलोमीटर, तिथे एक मुक्काम, आणि पुढे विमानाचे सव्वासात हजार! बॅग भरतानाचा पसारा, सुतळीचे तुकडे, चिंध्या, कागद, दुसऱ्या दिवशीही खोलीत तसाच. बायकोची कंबर धरते म्हणून झाडलोट माझ्याकडे असते, आणि केर काढून अंगणात पेटवल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही.

विमान सकाळी साडेसातला सुटलं होतं. साडेनऊ तास धरले की पाच. पाच वाजून गेले, बायको देवळात गेलेली, मी झाडू उचलला. तेवढ्यात आमच्या गल्लीत पूर्वी कधी न दिसलेली एक मुसलमान भाजीवाली दारात टोपली टेकून उभी राहिली. आत नजर टाकून म्हणाली,

"कोनी गावाले गेलं काय भाऊ? दोन दिवसाचा केर दिसून राहिला."

"पोरगी. पोचली असंल, टाइम झाला."

"फोन आला काय?"

"नाई."

"मंग कावून घाई करून राहिले? विमान पोचलं म्हंजे पोरगी पोचली काय? ठेवा तो झाडू."

मला रागच आला. पण बाईमाणसाशी हुज्जत कशाला, म्हणून ठेवला. ती मेथीची जुडी देऊन निघून गेली.

सहाला फोन वाजला. सुनंदाचा आवाज रडवेला. "बाबा, मले घ्यायले येनाऱ्या बाई दिसून नाई राहिल्या. त्यांच्या नंबरची चिठ्ठी पर्समंदी नाई. घरी रायली काय? लवकर पाहा, फोनात टाकाची नाणी सरून राहिली."

रिसीव्हर तसाच टाकून मी गुडघ्यांवर खोलीभर रांगलो. खाटेच्या पायाशी, सुतळीच्या गुंत्याखाली चिठ्ठी होती. एकेक आकडा मी फोनवर वाचत गेलो. शेवटचा आकडा सांगितला आणि फोन तुटला.

त्यानंतरचे दोन तास कुठल्याच वेळापत्रकात बसणारे नव्हते. देवळातून आलेली बायको सगळं ऐकून देवापुढे बसली होती. मीही तिच्याशेजारी बसलो. त्या परक्या मुलखात माझ्या हाती काहीच नव्हतं, हे मान्य केलं तेव्हा उलट जीव शांत झाला.

आठला पुन्हा फोन आला. "बाबा, पोचली मी. बाई संगंच हायेत."

ती भाजीवाली कोण, कुठली, मला माहीत नाही. मेथी घेऊन ती पुन्हा कधी आली नाही. तिचे उपकार मी रोज आठवतो. फोन आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, "आता झाडा." मला हात जोडायचे होते, पण हातात झाडू होता. तोच कपाळाला लावला आणि केर काढायला लागलो.